श्रद्धा की सोबत?

श्रद्धाळू माणसाचं आयुष्य जास्त समाधानी असतं का? मी नास्तिक आहे आणि आज या प्रश्नाने पिच्छा सोडला नाही. मैत्रिणीच्या वडिलांचं ऑपरेशन सुरू होतं. ती डोळे मिटून प्रार्थना करत होती आणि तिच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू सैल होत होता. मला हेवा वाटला, मनापासून.

मग तिच्या प्रार्थनामंडळातली माणसं यायला लागली. कुणी कागदपत्रं हातात घेतली, कुणी रात्री थांबायचं परस्पर ठरवून टाकलं. तेव्हा चेयून लिम आणि रॉबर्ट पुटनम या संशोधकांचा २०१० सालचा अमेरिकेतला अभ्यास आठवला. धार्मिक लोक जास्त समाधानी दिसतात, पण ज्यांचे प्रार्थनास्थळी जवळचे मित्र असतात त्यांच्यातच हा फरक ठळक असतो. नुसत्या एकांतातल्या प्रार्थनेचा तसा वेगळा परिणाम त्यांना आढळला नाही. फिनलंडमध्येही नियमित चर्चला जाणारे थोडेच, तरी जागतिक आनंद अहवालात तो देश २०१८पासून वर्षानुवर्षं पहिला राहिला. तिथे आजारपणात सरकार पाठीशी असतं, हेही विसरून चालणार नाही.

तरी सगळं श्रेय सोबतीला देऊन मोकळं व्हावंसं वाटत नाही. माणसं यायच्या आधीच ती शांत झाली होती, हे मी पाहिलंय. ते बळ मला तर्काने मिळत नाही आणि खोटी श्रद्धा मला ठेवता येणार नाही. पण न बोलावता धावून येणारी माणसं आम्हा नास्तिकांनाही जोडता येतील. तसा गट कुणी चालवत असेल तर मला सांगा, मला त्यात यायचंय.