पूल पाळीवर आहे

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मंगळवार-शुक्रवार सकाळी साडेदहाला तिची फिजिओथेरपी असते. आम्ही प्रभादेवी स्टेशनच्या पश्चिमेला राहतो, इस्पितळ पूर्वेला परळमध्ये. मधे फक्त रूळ. एल्फिन्स्टनचा पूल होता तेव्हा टॅक्सीत बसून आई पदर सारखा करेपर्यंत इस्पितळाचं फाटक यायचं.

12 सप्टेंबर 2025 च्या रात्री तो पूल बंद झाला. शिवडी-वरळी जोडरस्त्यासाठी तिथे दुमजली पूल होणार आहे. होऊ दे. शंभरी ओलांडलेला पूल कधीतरी उतरवावाच लागणार होता, त्यावर गळा काढणाऱ्यांतला मी नाही. माझं दुखणं, त्याची वाहतूक जिकडे वळवली त्या शेजारच्या करी रोडच्या पुलाचं आहे.

हा पूल अरुंद, म्हणून त्यावर वेळेप्रमाणे एकेरी वाहतूक ठेवली. सकाळी 7 ते दुपारी 3 भारतमाता चौकाकडून शिंगटे मास्तर चौकाकडे, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेला. 3 ते रात्री 11 उलट. 11 नंतर सकाळी 7 पर्यंत दोन्हीकडून. कागदावर झकास दिसतं. सकाळी लोअर परळ-वरळीच्या ऑफिसांकडे जाणाऱ्यांची सोय, संध्याकाळी त्यांच्या घरी परतण्याची.

पण परळची मोठी इस्पितळं पूर्वेला आहेत, आणि ओपीडी असते सकाळी. म्हणजे आमच्या बाजूच्या पेशंटला जायचं असतं तेव्हा पूल उलट वाहतो, आणि तीननंतर परतायचं असेल तर तेव्हाही उलटच. मग दादरच्या टिळक पुलावरून नाहीतर खाली चिंचपोकळीवरून वळसा, आणि तिथे आमच्यासारखेच सगळे. परवा टिळक पुलाच्या चढावर आमची टॅक्सी इतका वेळ उभी होती की ड्रायव्हरने इंजिन बंद करून डबा उघडला. आम्हालाही चपाती देऊ केली.

“पादचारी पूल आहे ना,” असं सांगणारे भेटतात. वॉकर घेतलेल्या बाईला त्या जिन्यावरून, गर्दीच्या वेळी, त्यांनी एकदा नेऊन दाखवावं.

आईला पहिल्यांदा ही वेळापत्रकाची भानगड समजावली तेव्हा ती खो खो हसली. “अरे, हा पूल पाळीवर आहे की! पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी.” बाबांनी गिरणीत बत्तीस वर्षं काढली, तिला घड्याळापेक्षा भोंगा जास्त कळतो. पावणेतीनला शिंगटे मास्तर चौकात उभं राहिलं तर तिचं म्हणणं पटतं. स्कूटर, टेम्पो, टॅक्स्या इंजिनं घुरघुरवत थांबलेल्या, सगळ्यांची नजर मोबाइलमधल्या वेळेवर. फक्त भोंगा तेवढा वाजत नाही.

आमच्या चाळीतल्या चौदा जणांनी सह्यांचा अर्ज दिलाय. पूल पुन्हा दोन्हीकडून उघडा, असं आम्ही लिहिलेलं नाही, ते जमणार नाही हे कळतं. सकाळच्या पाळीत पेशंट असलेल्या टॅक्सीला हवालदाराने हात दाखवून सोडावं, आणि वेळेची पाटी वळणाच्या आधी लावावी, इतकंच. आत्ताची पाटी दिसते तोवर गाडी वळलेली असते आणि मागचे हॉर्न वाजवत असतात. अर्जावर पोचेचा शिक्का मिळालाय. अजून तरी तेवढंच.

तोवर मीच इस्पितळात विनवण्या करून आईची वेळ बदलून घेतली. या शुक्रवारपासून दुपारी चार. जाताना पूल आपल्या बाजूने वाहणार. येताना काय, रात्री अकरापर्यंत बाकावर बसायचं का, असं ती विचारतेय, आणि डब्यात काय नेऊ तेही.