जीआरईचं गणित आणि तो चौथा पर्याय

जीआरई, म्हणजे परदेशात पुढं शिकायला जाण्यासाठी देतात ती परीक्षा, तिच्या गणितात माझे दोन महिने एकाच प्रकारच्या प्रश्नानं खाल्ले, क्वांटिटेटिव्ह कम्पॅरिझन. बाकी सगळं दहावी-बारावीचंच आहे, कोल्हापुरात इंजिनिअरिंग केलेल्या कुणालाही जमेल.

यात ए आणि बी अशा दोन क्वांटिटी देतात आणि पर्याय कायम तेच चार. ए मोठी, बी मोठी, दोन्ही सारख्या, नाहीतर दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही. या चौथ्याला सगळे डी म्हणतात. मी जायचे त्या क्लासमध्ये प्रत्येक गणित शेवटपर्यंत सोडवून घ्यायचे, वह्या भरल्या नुसत्या, पण डी कधी लावायचा हे कुणी धड सांगितलंच नाही, याचा राग अजून जात नाही. उदाहरणच घ्या, एक्स शून्यापेक्षा मोठा, ए म्हणजे एक्सचा वर्ग, बी म्हणजे एक्स. मी लगेच ए लावलं, दोनचा वर्ग चार, झालं की! पण एक्स अर्धा घेतला तर वर्ग येतो पाव, म्हणजे बी मोठी. उत्तर डी. हीच चूक मी तीन मॉक टेस्टमध्ये केली.

मग एका संध्याकाळी रंकाळ्यावर वही घेऊन बसले, चुकलेले सगळे प्रश्न परत बघितले आणि पुठ्ठ्यावर मोठ्ठं लिहिलं, ०, १, -१, अर्धा, उणे अर्धा, १००. प्रश्नात एक्ससारखं अक्षर दिसलं की यातले चालतील ते आकडे घालून बघायचे, दोन वेगळी उत्तरं आली की डी लावायचा आणि पुढं जायचं, सोडवत बसायचं नाही. दोन्हीकडं नुसते आकडेच असतील तर डी येऊच शकत नाही. भूमितीच्या आकृतीला तर अजिबात भुलू नका, काटकोन दिसतोय म्हणून धरायचा नाही, खूण पाहिजे किंवा तसं लिहिलेलं पाहिजे.

सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा छोटी झालीय, गणिताचे पहिले १२ प्रश्न २१ मिनिटांत आणि नंतरचे १५ प्रश्न २६ मिनिटांत, म्हणून हे वाचवलेले सेकंद लई कामाला येतात. निगेटिव्ह मार्किंग नाही, एकही प्रश्न रिकामा सोडू नका.

पुण्याला सेंटरवर शेवटी स्क्रीनवर गणिताचे १७० पैकी १६६ दिसले तेव्हा हात थरथरत होते माझे.

अरे हो, पर्यायापुढं गोल असेल तर एकच उत्तर, चौकोन असेल तर एकापेक्षा जास्त बरोबर असू शकतात आणि त्यातलं एक जरी राहिलं तरी मार्क शून्य. आणि अपूर्णांक टाईप करायचा असेल तर ६/८ चं ३/४ करत बसू नका, तसंच चालतं.