तुम्ही विचारलंत म्हणून: सासरचा शिपाई

मंडळाच्या गणपतीत, हळदीकुंकवाला, कुठेही भेट झाली की विचारलं जातं, "अगं, अडीचशे वर्षांपूर्वीचा शिपाई, तोही सासरचा. त्याची कबर शोधण्यात चार वर्षं का घालवलीस?" तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

माझ्या सासूबाई न्यूयॉर्क राज्यातल्या एका खेड्यातल्या. दर मे महिन्यात, मेमोरियल डेला, त्या तिथल्या एका कबरीवर छोटा झेंडा लावायच्या. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेले आपले पूर्वज ते हेच, असं त्यांच्या आजीने सांगितलेलं. एका वर्षी मी सोबत गेले. दगडावर त्यांचं नाव बरोबर होतं, बायकोचं मात्र भलतंच. सासूबाई म्हणाल्या, "मलाही हे लहानपणापासून खटकतं, पण विचारायचं कुणाला?" तेव्हा त्या 81 वर्षांच्या होत्या. मला राहवेना.

1800 च्या नोव्हेंबरात वॉर डिपार्टमेंटच्या, म्हणजे अमेरिकेच्या युद्धखात्याच्या, कचेरीला आग लागली आणि त्या युद्धाची बरीच मूळ कागदपत्रं गेली. त्यामुळे साधा शिपाई भेटतो तो बहुतेकदा पेन्शनच्या कागदांत. वॉशिंग्टनच्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये अशा 80,000 हून जास्त फायली आहेत. आमच्या नावाच्या दोन निघाल्या. एकजण मिलिशियातला, म्हणजे गावोगावच्या नागरिकांच्या फौजेतला, काही महिनेच लढलेला, 1832 च्या कायद्याखाली अर्ज करून ठसठशीत सही ठोकणारा. झेंडा त्याच्या कबरीवर लागत होता. दुसरा कनेक्टिकटच्या पलटणीत 1777 मध्ये तीन वर्षांसाठी भरती झालेला. वॉशिंग्टनच्या सैन्याने व्हॅली फोर्जच्या छावणीत काढलेला खडतर हिवाळा, मग मॉनमथची लढाई. सहीच्या जागी नुसती फुली. बायकोचं नाव मात्र आमच्या घरात सांगितलं जाणारंच.

1818 मध्ये गरजू शिपायांना महिना 8 डॉलर पेन्शन मंजूर झाली. अर्ज इतके आले, की 1820 मध्ये सरकारने प्रत्येकाकडून मालमत्तेची यादी शपथेवर मागितली. अंगावरचे कपडे आणि अंथरूण-पांघरूण तेवढं वगळायचं. आमच्या शिपायाची यादी मला आता पाठ आहे: एक गाय, एक डुक्कर, लोखंडी पातेलं, सहा जुन्या खुर्च्या, एक कुऱ्हाड. जमीन नाही. देशासाठी लढलेल्या म्हाताऱ्याला कोर्टात उभं राहून स्वतःची पातेली मोजायला लावली, याचा मला आजही राग येतो.

त्याच कागदांनी पुढची वाट दाखवली. पेन्शन न्यूयॉर्कहून ओहायोला बदलून घेतलेली होती. 1840 च्या जनगणनेत पेन्शनरांची नावं आणि वयं वेगळी नोंदवली आहेत, ते कुणाच्या घरी राहतात तेही. हा राहत होता जावयाच्या घरी. घरातले सगळे आडनाव धरून शोधत राहिले. मुलीचं आडनाव बदललं आणि तिच्याबरोबर बापही हरवला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. माझ्या माहेरच्या वंशावळीत सात पिढ्या आहेत, त्यांत एकाही मुलीचं नाव नाही. म्हाताऱ्याला सांभाळणाऱ्या त्या मुलीला शोधल्याशिवाय मला थांबताच येईना.

जावयाने पुढे शेत विकलं. कौंटीच्या कचेरीत त्याचं खरेदीखत मिळालं, त्यात लिहिलं होतं: दफनाची पाव एकर जागा वगळून. आता तिथे सोयाबीन आहे आणि मधोमध झाडांचा एक पुंजका. मालकाची परवानगी काढून आम्ही दोघी गेलो. आडवे पडलेले तीन दगड, अक्षरं झिजलेली. अशा दगडावर खडू घासू नये, दगड खराब होतो. आरशाने ऊन तिरपं पाडावं. सासूबाईंनी आरसा धरला. आधी मुलीचं नाव उमटलं, मग बापाचं, मग आईचं.

सासूबाईंनी पिशवीतून झेंडा काढला. दुसरा सकाळीच गावच्या जुन्या कबरीवर लावून आलो होतो. तो चुकवायचा नाही, असं त्यांनी निघतानाच बजावलं होतं.