आमची वाटचाल : गॅस ओव्हनचा ब्लोअर आणि आम्ही

पुण्याजवळच्या भोसरी औद्योगिक वसाहतीतील भाड्याच्या एका गाळ्यात, रिवाइंडिंगचे (मोटरीतली जळालेली तार काढून नवी गुंडाळण्याचे) टेबल, बेअरिंग पुलर आणि एक टाँग टेस्टर (तारेतला विद्युतप्रवाह मोजणारा चिमटा) एवढ्या भांडवलावर आमचे काम सुरू झाले. जळालेली कोणतीही मोटर आम्ही घेत असू. परंतु थोड्याच दिवसांत असे लक्षात आले की पावडर कोटिंगच्या (धातूच्या वस्तूंवर रंगाची कोरडी पावडर लावून ती ओव्हनमध्ये भाजण्याच्या) कारखान्यांतून आलेल्या मोटरी दुरुस्त होऊन गेल्या तरी चार-सहा महिन्यांत पुन्हा आमच्याच दारात येतात. वाइंडिंग मी स्वतः तपासले होते आणि त्यात दोष नव्हता. तेव्हा मोटर पोहोचवायला मी स्वतः जाऊ लागलो, आणि ती ज्या ब्लोअरला, म्हणजे हवा फेकणाऱ्या पंख्याला, जोडली जात होती तो ब्लोअर तेव्हा प्रथमच नीट पाहिला.

गॅसवरच्या ओव्हनला बहुधा दोन ब्लोअर असतात. बर्नरवरचा लहान ब्लोअर ज्वलनाला हवा पुरवतो, तर ओव्हनच्या माथ्यावरचा मोठा ब्लोअर तापलेली हवा आत फिरवत ठेवतो. पावडर पक्की होण्यासाठी जॉबच्या (रंगवायच्या वस्तूच्या) धातूला साधारण 180 ते 200 अंश सेल्सिअस तापमान 10 ते 15 मिनिटे मिळावे लागते. हवा कमी फिरली की वरच्या हँगरवरचे जॉब पिवळे पडतात आणि खालचे कच्चे राहतात. अशा वेळी बर्नरचे तापमान वाढवण्याचा मोह होतो. त्याने गॅस अधिक जळतो आणि वरचे जॉब आणखी पिवळे पडतात, खालच्यांचा कच्चेपणा मात्र जात नाही.

मोटरी जळण्याचे कारण पुलीत सापडले. हवा वाढावी म्हणून कोणीतरी मोटरवर मोठी पुली चढवली होती. ब्लोअरचा वेग 10 टक्के वाढला तर हवाही 10 टक्केच वाढते, पण मोटरवरचा भार सुमारे 33 टक्के वाढतो, कारण भार वेगाच्या घनाच्या प्रमाणात चढतो. शिवाय सकाळी ओव्हन थंड असताना आतली हवा जड असते. 200 अंशांना तिची घनता थंड हवेच्या सुमारे 60 टक्केच उरते. दुपारी तापलेल्या ओव्हनवर अँपिअर मोजून निर्धास्त होणाऱ्याला सकाळचा भार दिसतच नाही. आम्ही मूळ मापाची पुली बसवली, सकाळी डॅम्पर (हवेच्या मार्गातली झडप) अर्धा मिटून ब्लोअर सुरू करण्याची सवय लावली आणि इम्पेलरच्या (ब्लोअरमधल्या फिरत्या चाकाच्या) पात्यांवर साचलेली भाजलेली पावडर खरवडून काढली. ती मोटर त्यानंतर आमच्याकडे दुरुस्तीला आली नाही, आणि रिवाइंडिंगचे उत्पन्न घटले तरी देखभालीचे पहिले वार्षिक कंत्राट आम्हांला तिथेच मिळाले.

एक प्रसंग मी नव्या मुलांना आवर्जून सांगतो. आमच्या भागात गुरुवारी वीजदुरुस्तीची कामे होतात. अशाच एका गुरुवारनंतरच्या शुक्रवारी सकाळी एका कारखान्यातून फोन आला की ओव्हन तापायला दुप्पट वेळ लागत आहे. तेथील वयस्क ऑपरेटर काकांनी हवेच्या तोंडाशी हात धरून सांगितले, "साहेब, हवा तर येतेय, बर्नरच बघा." मी बर्नर पाहिला, फिल्टर पाहिला, बेल्ट पाहिले आणि एक तास वाया घालवला. शेवटी ब्लोअर बंद करायला सांगून थांबत आलेल्या पुलीकडे पाहिले, तर ती ब्लोअरच्या खोक्यावरच्या बाणाच्या उलट दिशेने फिरत होती. आदल्या दिवशी केबल जोडताना तीन फेजच्या तारांचा क्रम उलटला होता. सेंट्रिफ्यूगल ब्लोअर उलटा फिरला तरी हवा नेहमीच्याच बाजूने फेकतो, फक्त कमी फेकतो, म्हणून हाताला फरक कळत नाही. दोन तारा बदलताच काम झाले. काकांनी खडू घेऊन तो बाण ठळक गिरवला; आता आम्ही प्रत्येक पॅनेलमध्ये फेज सिक्वेन्स रिले (फेजचा क्रम उलटला तर मोटर सुरू होऊ न देणारे उपकरण) बसवण्याचा आग्रह धरतो.

2006 साली महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेड स्थापन झाली आणि पुढे पाइपचा गॅस कारखान्यांपर्यंत पोहोचू लागला, तेव्हा एलपीजीवरचे बर्नर बदलून देण्याचे काम आमच्याकडे येऊ लागले. नैसर्गिक वायूच्या एका घनमीटरमधील उष्णता एलपीजी वायूच्या साधारण एक तृतीयांश असते, त्यामुळे नोझल आणि गॅसचा दाब बदलावाच लागतो. गॅस तिप्पट म्हणून हवाही तिप्पट हवी, हा समज मात्र मला अनेक ठिकाणी आढळला. तेवढ्याच उष्णतेसाठी लागणारी हवा दोन्ही इंधनांना जवळपास सारखीच असते. हवा फार सोडली तर ज्योत उचलली जाते आणि उष्णता चिमणीवाटे निघून जाते. कमी सोडली तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, ज्याला रंग नाही आणि वासही नाही. म्हणून ज्योतीच्या रंगावर भिस्त न ठेवता धुरातील ऑक्सिजन मोजून, तो साधारण 3 ते 5 टक्क्यांच्या दरम्यान येईल असा हवेचा डॅम्पर आम्ही लावतो. त्यासाठी घेतलेले मोजणीयंत्र तेव्हा आमच्या कुवतीबाहेरचे होते आणि ते कर्ज काढून घेतले. त्या निर्णयाचे मला आजही समाधान आहे.

आमच्या हातूनही चूक झाली आहे. नव्या कारागिराने पाळी संपल्यावर बर्नरबरोबरच मोठा ब्लोअरही बंद केला. तापलेल्या ओव्हनमध्ये स्थिर राहिलेला शाफ्ट बाकला आणि बेअरिंगमधले ग्रीस करपले. शाफ्टचा खर्च आम्ही सोसला. बर्नर बंद झाल्यावर ओव्हन 100 अंशांखाली येईपर्यंत ब्लोअर चालूच ठेवावा, आणि वीज गेली तर गार्ड लावलेला ठेवून बाहेर आलेल्या शाफ्टच्या टोकाने तो थोड्या थोड्या वेळाने हाताने फिरवावा, असे त्यानंतर आम्ही प्रत्येक ओव्हनवर लिहून लावले. अर्थात, हात लावण्यापूर्वी आयसोलेटर (वीज तोडणारा मुख्य स्विच) बंद करून.

आज आमच्याकडे अकरा जण आहेत आणि गुरुवार हाच आमचा सर्वांत धावपळीचा दिवस असतो. प्रत्येक ब्लोअरशेजारी टांगलेल्या कार्डावर थंड आणि तप्त अवस्थेतील अँपिअर, बेअरिंगचे तापमान आणि बेल्ट बदलल्याची तारीख लिहिली जाते. पुल्या सुतळी ताणून एका रेषेत घेतल्या जातात. दोन पुल्यांमधल्या एक मीटर अंतराला बेल्ट मधोमध सुमारे 16 मिलिमीटर दबावा, असा ताण ठेवला जातो, आणि नवा संच बसवल्यावर दुसऱ्या दिवशी कोणीतरी पुन्हा जाऊन तो तपासतो. ग्रीस भरताना हात आखडता ठेवावा, हे सांगायला मात्र मी अजून स्वतः शिडी चढतो, कारण बेअरिंग ठासून भरणे म्हणजे चांगली देखभाल, असेच आयटीआयहून आलेल्या प्रत्येक मुलाला वाटत असते.