पुणे-जळगाव विमानाने, आईला सोबत घेऊन

डिसेंबरात मामेभावाचा साखरपुडा होता जळगावला, आणि आईचे गुडघे असे की महाराष्ट्र एक्सप्रेसचे नऊ तास तिला झेपलेच नसते. ट्रॅव्हल्सची स्लीपर बस म्हणाल तर वरच्या बर्थवर ती चढणार कशी. मग फ्लाय९१ या विमान कंपनीचं तिकीट बघितलं, माणशी साडेतेवीसशेला मिळालं, दीड महिना आधी काढलं म्हणून. दोन दिवसांनी सहज बघितलं तर तेच तीन हजारांच्या वर गेलेलं, त्यामुळे तारीख पक्की असेल तर थांबू नका.

मामाला फोन केला तर तो म्हणाला, "ये ये, पण ही कितवी कंपनी गं?" त्याचंही बरोबर आहे. जळगावच्या विमानतळाचं उद्घाटन २०१२ मध्ये प्रतिभाताई पाटलांच्या हस्ते झालं, पण नियमित विमान यायला २०१७ चा डिसेंबर उजाडला, तेव्हा एअर डेक्कनचं १८-१९ सीटचं छोटंसं विमान मुंबईहून यायचं. ते बंद पडलं. मग २०१९ ला ट्रूजेट आली, मुंबई आणि अहमदाबादला जायची, २०२२ च्या सुरुवातीला त्या कंपनीची सगळीच विमानं जमिनीवर आली. मग दोन वर्षं प्रवासी विमानच नाही, आणि २०२४ मध्ये ही फ्लाय९१, गोव्याची नवी कंपनी आली, तिथल्या मोपा विमानतळावरून सुरू झालेली, सुरुवातीला १९९१ रुपयांत तिकीट देत होती. गोवा, हैदराबाद, पुणे असं तिने जळगाव जोडलं. त्याच वर्षी अलायन्स एअरनेही मुंबईचं विमान सुरू केलं.

हे असं का होतं ते एकदा समजून घेतलं की बुकिंग करताना डोकं शांत राहतं. उडान योजनेत छोट्या गावांच्या मार्गांवर साधारण निम्म्या सीटचं भाडं सरकार बांधून देतं, तासाभराच्या प्रवासाला सुरुवातीला अडीच हजाराच्या आसपास होतं ते, आणि तोटा भरून काढायला कंपनीला अनुदान मिळतं, पण ते तीन वर्षं. तीन वर्षं संपली की बऱ्याच कंपन्या गाशा गुंडाळतात, काही तर त्याआधीच. सिंधुदुर्गच्या चिपी विमानतळाचं बघा की, २०२१ च्या ऑक्टोबरात मुंबई-सिंधुदुर्ग सुरू झालं आणि तीन वर्षांनी थांबलं, आणि तिथेही पुण्याहून हीच फ्लाय९१ ची, ७०-७२ सीटच्या एटीआरवाली (म्हणजे पंख्याच्या छोट्या विमानांची) मंडळी गेली. नाशिकला काही कंपन्या निघून गेल्यावर मार्च २०२३ मध्ये इंडिगो आली. म्हणजे एकाने सोडलेलं गाव दुसरा उचलतो. माझं मत विचाराल तर यात विमानाचा आकार सगळ्यात महत्त्वाचा. जळगावची धावपट्टी दोन किलोमीटरपेक्षाही लहान आहे, तिथे एअरबस आणायचा विषयच नाही, आणि आणली तरी १८० माणसं रोज कुठून आणणार? एटीआर अर्धी-पाऊण भरली तरी चालत असावी.

आता प्रत्यक्ष प्रवास. लोहगावला नवीन टर्मिनल झाल्यापासून गर्दीत जीव गुदमरत नाही, पण आईसाठी व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच मागून ठेवली होती ते बरं झालं, ऐनवेळी मागणाऱ्या एक आजी आमच्यासमोर बराच वेळ बसून होत्या. विमानतळ हवाईदलाचा आहे, बसमधून विमानाकडे जाताना फोटोबिटो काढायला जाऊ नका.

एटीआरमध्ये पहिल्यांदा बसणाऱ्यांसाठी सांगते, या विमानात चढायचं ते मागच्या दाराने, पुढच्या बाजूला सामान असतं. त्यामुळे आपण सवयीने पुढची सीट घेतो ते इथे उलटं पडतं, मागे बसलेला सगळ्यात आधी उतरतो. शिवाय पंखे पुढच्या-मधल्या सीटच्या बाजूला येतात, तिथे घरघर जास्त. आम्ही शेवटून तिसरी रांग घेतली होती. दाराला चार-पाच पायऱ्यांची बुटकी शिडी असते, आई कठडा धरून एकेक पाय टेकवत स्वतःच चढली आणि वर जाऊन माझ्याकडे असं बघितलं की जणू एव्हरेस्टच झालं. दोन-दोन सीट, मधली सीटच नाही. वरचे कप्पे मात्र लहान, मोठी ट्रॉली हातात ठेवायच्या भरवशावर जाऊ नका.

पंख वरच्या बाजूला असल्यामुळे खाली सगळं मोकळं दिसतं. विमान जेटइतकं उंचही जात नाही, त्यामुळे तासभर खिडकीला नाक लावून बसायचं. नगरकडचं तपकिरी माळरान, मग अजिंठ्याचे डोंगर, आणि ते ओलांडले की एकदम हिरवे चौकोन, केळीच्या बागा. आई पलीकडच्या काकांना "आमचं खानदेश आलं" असं सांगत होती, ते बिचारे भुसावळचेच निघाले.

उतरल्यावर बाहेर आम्हाला दोन-तीनच रिक्षा दिसल्या. मामा न्यायला आला होता म्हणून प्रश्न नव्हता, पण कोणी घ्यायला येणार नसेल तर गाडी आधी सांगून ठेवा. अजिंठा लेणी बघायला जाणाऱ्यांना हा रस्ता झकास आहे, साठेक किलोमीटर, फक्त सोमवारी लेणी बंद असतात हे बघून विमानाचा वार निवडा. तुमची गाडी फर्दापूरच्या फाट्यावरच थांबते, पुढे तिथली बस.

वाराचा मुद्दा एकूणच मोठा आहे. विमान रोज असेल असं धरून चालू नका, आणि हंगाम बदलला की वेळापत्रकही बदलतं, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटाला. त्यामुळे आमच्या घरात एक पद्धत पडली आहे, लग्नकार्य असेल तर विमानाबरोबर रेल्वेचं स्लीपरचं तिकीटही काढून ठेवायचं. रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं. विमान नक्की उडणार असं दोन-तीन दिवस आधी वाटलं की ते रद्द करायचं, जितकं लवकर रद्द कराल तितके कमी पैसे कापतात. कंपनीने स्वतःहून विमान रद्द केलं तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातलं काय हवं ते आपण ठरवायचं असतं, काउंटरवर कोणी क्रेडिट शेल (पैशांऐवजी त्याच कंपनीच्या पुढच्या तिकिटाला वापरायची जमा रक्कम) गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. आणि पुण्याहून पुढे दिल्ली-बेंगळुरूचं वेगळ्या तिकिटावरचं विमान असेल तर मध्ये निदान चार-पाच तास ठेवा, पहिलं लेट झालं म्हणून दुसरी कंपनी थांबत नाही की पैसे देत नाही. माझ्या चुलतभावाचे असेच सात हजार गेलेत, कुठल्या कंपनीचे ते जाऊ दे.

परतीला सगळा घोळ मामीच्या प्रेमाने केला. बामणोदची भरिताची वांगी तीन किलो, कळण्याचं पीठ, केळीचे वेफर्स, आणि काळ्या मसाल्यासाठी खोबऱ्याच्या अख्ख्या वाट्या. मला माहीतच नव्हतं की सुकं खोबरं विमानात चालत नाही, तेलकट असल्यामुळे पेट घेऊ शकतं म्हणे. बॅग स्कॅन झाली, बाजूला बोलावलं, उघडायला लावली. वर वजन १५ किलोच्या जागी १८. साखरपुड्याच्या साड्यांखालून एकेक वाटी शोधून काढत होते मी आणि मागे रांगेतले लोक वांगी मोजत होते. पॉवरबँकही त्याच बॅगेत खाली सापडली, ती हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते.

मामा नशिबाने अजून बाहेर उभा होता. खोबरं आणि पीठ त्याच्याकडे परत गेलं, वांगी आईने मांडीवरच्या पिशवीत घेतली आणि पुण्यापर्यंत सोडली नाहीत. खोबरं आठवड्याने ट्रॅव्हल्सच्या बसने आलं, पार्सलचे दीडशे रुपये लागले.