फ्लुओरेसिनचा तो हिरवा!
आज लॅबमध्ये फ्लुओरेसिन हा चमकणारा रंग केला. रिसॉर्सिनॉल, थॅलिक अनहायड्राइड, चिमूटभर झिंक क्लोराइड आणि 180 डिग्रीच्या आसपास तापवायचं, बाहेर गोव्यातल्या ताळगाव पठारावर पावसाची नुसती झड आणि आत ट्यूबमध्ये विटकरी लाल गोळा, दिसायला अगदीच भिकार. पण त्यातला कणभर डायल्यूट कॉस्टिकमध्ये (पातळ कॉस्टिक सोडा, म्हणजे अल्कली) टाकला आणि अहाहा! आरपार बघितलं तर पिवळं-नारिंगी, बाजूनं बघितलं तर हिरवंगार. 490 नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश गिळतं आणि 515 च्या जवळ हिरवा सोडतं. वर पाणी घालून पातळ केलं की अजून चमकतं, कारण घट्ट असताना रेणू एकमेकांचाच प्रकाश खातात.

जर्मन केमिस्ट बायरनं हे 1871 मध्येच केलेलं. पण मला त्याहून भारी वाटतं ते फिनॉल्फ्थॅलिन (अ‍ॅसिड-अल्कली ओळखायचं इंडिकेटर), जवळजवळ हीच रेसिपी, फक्त रिसॉर्सिनॉलऐवजी फिनॉल, अल्कलीत मस्त गुलाबी होतं पण चमकायचं नाव नाही. फरक एका ऑक्सिजनचा!! फ्लुओरेसिनमध्ये तो रेणूतल्या कार्बनच्या दोन रिंगांना बांधून मध्ये तिसरी रिंग करतो, सगळं सपाट आणि ताठ. तो नसला की रिंगा आपल्या हलत बसतात आणि घेतलेली एनर्जी त्यातच उष्णता होऊन जाते. पुस्तकात हे एका ओळीत उरकतात, त्यापेक्षा पोरांसमोर दोन्ही ट्यूब शेजारी ठेवून यूव्ही टॉर्च मारा ना.

उद्या अ‍ॅसिडचे थेंब टाकून चमक विझवायचीय. आणि माझी नखं बघून आई विचारते, हळद कुठे कुटून आलीस गो? 😄