पेशीची कचऱ्याची पिशवी

काल बाबांच्या तळपायावरचा काळा डाग बघून डॉक्टर म्हणाले, साधा तीळ आहे, पण आमची आधीची दोन रात्रींची झोप गेलीच होती ना, आणि त्या दोन रात्री मी मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरवर वाचत बसले. आपल्यासारख्या सावळ्या लोकांत हा कॅन्सर तसा कमीच, पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायावर नाहीतर नखाखाली.

त्यात सापडले एक्सोसोम. साधारण ३० ते १५० नॅनोमीटरच्या पिशव्या, पेशी बाहेर सोडते त्या. १९८० च्या दशकात मेंढीच्या कोवळ्या रक्तपेशींत दिसल्या तेव्हा वाटलं, पेशी कचरा टाकतेय. पण त्यातून निरोप जातात! मेलानोमाच्या गाठी तर यांच्यातूनच लांबच्या अवयवात आधी जागा तयार करून घेतात म्हणे, पाहुण्याआधी सामान पोचावं तसं.

आता रिसर्चवाले याच पिशव्यांत प्रकाशाने चेतणारं औषध भरून गाठीपर्यंत न्यायला बघतायत. प्रकाश पडला की ते औषध तिथल्या ऑक्सिजनला मारक रूप देतं आणि पेशी मरते. आयडिया जुनीच, म्युनिकच्या ऑस्कर राबने अ‍ॅक्रिडीन रंगातले पॅरामेशियम, म्हणजे एकपेशी जीव, उजेडात मरतात आणि अंधारात जगतात हे १९०० मध्ये छापलं होतं.

पण मेलानोमात गोची अशी की त्यातलं मेलॅनिनच, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, प्रकाश गिळून टाकतं, म्हणून आत जास्त खोल जाणारा इन्फ्रारेडजवळचा प्रकाश वापरून बघतात. बरंचसं काम अजून उंदरांवरच आहे हां.

बाबा मात्र आता पाय दाखवायलाच तयार नाहीत.